न्यूझीलंडची प्रादेशिक परिषद, पर्यावरण आणि आपली जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेली किंवा नुकतीच येऊन पोहोचलेली मराठी कुटुंबे आणि इथली व्यवस्था समजून घेऊ पाहणारे महाराष्ट्रातील वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. मी हॅमिल्टनचा रहिवासी असल्यामुळे वायकाटो प्रदेशातील उदाहरणे अधिक आली आहेत. मूळ कायदे देशभर एकच असले तरी नियमांचे तपशील प्रदेशागणिक बदलतात, म्हणून प्रत्यक्ष काम हाती घेण्यापूर्वी आपापल्या प्रदेशाचा आराखडा, म्हणजे प्रादेशिक परिषदेने केलेली नियमावली, पाहून घ्यावा.

१. रीजनल कौन्सिल म्हणजे नेमके काय? आपल्या जिल्हा परिषदेसारखीच का?

नावावरून तसे वाटते, पण कामे पूर्णपणे निराळी आहेत. जिल्हा परिषदेकडे प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रस्ते असतात. येथील प्रादेशिक परिषदेकडे यांपैकी काहीही नसते. नद्या, तलाव, भूजल, किनाऱ्यालगतचा समुद्र, हवा, मातीची धूप, पूरनियंत्रण, उपद्रवी वनस्पती व प्राणी, नौकानयनाची सुरक्षितता आणि बहुतेक ठिकाणी शहरांतील बससेवा हे तिचे विषय आहेत. महाराष्ट्राच्या परिभाषेत सांगायचे तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, जलसंपदा विभाग आणि शहर बससेवा यांची कामे एका निवडून आलेल्या संस्थेकडे सोपवल्यासारखे आहे.

१९८९ च्या स्थानिक स्वराज्य सुधारणांमध्ये या परिषदा अस्तित्वात आल्या आणि त्यांच्या सीमा बहुतांशी पाणलोट क्षेत्रांवरून आखल्या गेल्या. डोंगराच्या ज्या धारेवर पावसाचे पाणी दोन बाजूंना वाटले जाते, तीच धार पुष्कळदा दोन परिषदांची हद्द असते. सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहून कोकणाकडे उतरणारे आणि कृष्णा-गोदावरीकडे वळणारे पाणी ज्याने पाहिले आहे, त्याला या आखणीमागचा विचार लगेच पटेल. पुढील बहुतेक उत्तरांचे मूळही याच आखणीत आहे, कारण ओढ्यात सोडलेली वस्तू दहा गावे ओलांडली तरी त्याच परिषदेच्या हद्दीत राहते.

देशात अशा ११ परिषदा आहेत : नॉर्थलँड, वायकाटो, बे ऑफ प्लेंटी, हॉक्स बे, तारानाकी, मानावातू-व्हांगानुई, ग्रेटर वेलिंग्टन, वेस्ट कोस्ट, कँटरबरी, ओटागो आणि साउथलँड.

२. आम्ही ऑकलंडमध्ये राहतो. या यादीत आमचे नावच नाही, मग आमची रीजनल कौन्सिल कोणती?

ऑकलंड, गिझबोर्न, नेल्सन, टास्मान आणि मार्लबरो येथे प्रादेशिक आणि शहरी अशी दोन्ही कामे एकच परिषद करते. त्यामुळे या पानावर जेथे ‘प्रादेशिक परिषद’ म्हटले आहे, तेथे ऑकलंडकरांनी ऑकलंड कौन्सिल समजावे. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. ऑकलंडच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा एक मोठा वाटा २००२ पासून टुआकाऊ येथे वायकाटो नदीतून उचलला जातो, म्हणजे शेजारच्या प्रदेशाने नदी कशी राखली याचा परिणाम ऑकलंडच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो.

३. कचऱ्याची गाडी आली नाही, रस्त्यावर खड्डा पडला, तर तक्रार कोणाकडे करायची? आणि मालमत्ता कर दोन ठिकाणी का भरायचा?

कचरा, रस्ते, बांधकाम परवाने, बागा आणि वाचनालये सिटी किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे असतात; नळाचे पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या तिच्याकडे किंवा तिने स्थापन केलेल्या पाणी-यंत्रणेकडे असतात. शहराचे सांडपाणी वाहून नेण्याचे आणि शुद्ध करण्याचे काम त्या यंत्रणेचे. परंतु शुद्ध केलेले पाणी नदीत कोणत्या अटींवर सोडायचे, याचा परवाना ती प्रादेशिक परिषदेकडून घेते. म्हणजे एक सार्वजनिक संस्था दुसरीवर देखरेख करते. ही रचना मला अतिशय योग्य वाटते, कारण नदी घाण करणारा आणि तिची तपासणी करणारा एकच असेल तर तपासणीला अर्थ उरत नाही.

दोन परिषदा असल्यामुळे करही दोन भरावे लागतात. काही ठिकाणी बिले स्वतंत्र येतात, काही ठिकाणी एकाच बिलात दोन रकमा दिसतात. प्रादेशिक परिषदेच्या करात सर्वसाधारण कराखेरीज विशिष्ट कामासाठीचा कर असतो. पूरबांधामुळे ज्यांची जमीन सुरक्षित राहते किंवा ज्यांच्या भागात बस धावते, त्यांच्याकडून त्या कामासाठी अधिक रक्कम घेतली जाते. शेजारच्या घराचा कर आपल्यापेक्षा वेगळा का, या शंकेचे उत्तर बहुधा येथे सापडते.

४. परिषदेला हे अधिकार कोणत्या कायद्याने मिळाले?

मुख्य कायदा म्हणजे १९९१ चा संसाधन व्यवस्थापन कायदा, ज्याला इथे सगळे ‘आरएमए’ म्हणतात. या कायद्यातला एक भेद नीट कळला की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. जमिनीच्या वापराबाबत नियम असा आहे की आराखड्यात ज्याला मनाई नाही ते करता येते. पाण्याबाबत मात्र नेमके उलटे आहे. पाणी उचलणे, अडवणे, वळवणे किंवा पाण्यात काही सोडणे यासाठी आराखड्यातील नियमाची किंवा लेखी परवान्याची स्पष्ट अनुमती लागते, आणि ती नसेल तर ते कृत्य बेकायदेशीर ठरते. ‘कुठे लिहिले आहे की करू नये?’ हा युक्तिवाद अंगणातल्या शेडबद्दल कदाचित चालेल. ओढ्याबद्दल चालणार नाही.

याखेरीज उपद्रवी जीवांसाठी १९९३ चा जैवसुरक्षा कायदा, पूरबांधांसाठी १९४१ चा मृदसंधारण व नदीनियंत्रण कायदा आणि आपत्तीसाठी २००२ चा नागरी संरक्षण कायदा आहे. होऊ घातलेल्या बदलांसाठी प्रश्न १५ पाहावा.

५. माझे शहरातले साधे घर आहे. ना शेती, ना कारखाना. माझा या सगळ्याशी काय संबंध?

संबंध रस्त्याच्या कडेच्या जाळीपासून सुरू होतो. घरातील मोरी, बेसिन आणि शौचालयाचे पाणी एका वाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे जाते. छपरावरचे, अंगणातले आणि रस्त्यावरचे पाणी दुसऱ्या वाहिनीत शिरते, आणि ही दुसरी वाहिनी बहुतेक ठिकाणी कोणत्याही प्रक्रियेविना जवळच्या ओढ्यात उघडते. आपल्याकडे ‘गटार’ म्हटले की घाण पाण्याची जागा डोळ्यांसमोर येते, त्यामुळे नवीन आलेली माणसे सहजपणे या जाळीत पोछ्याचे पाणी ओततात. इथली ही जाळी म्हणजे ओढ्याचेच वरचे तोंड आहे.

हॅमिल्टनमध्ये घरांच्या मागून खोल घळी जातात. पावसानंतर तिथे उतरून पाहिले, तर नेच्याच्या झुडपांखाली काँक्रीटच्या नळाचे एक तोंड दिसते, त्यातून पाण्याची धार पडत असते आणि खालच्या डबक्यात, स्थिर उभे राहून बराच वेळ पाहिले तर, मनगटाएवढी जाड ईल मासळी सरकताना दिसते. माओरी भाषेत तिला टुना म्हणतात. लांब पराची ईल मादी अनेक दशके गोड्या पाण्यात जगते आणि आयुष्यात एकदाच अंडी घालण्यासाठी समुद्रात उतरून प्रशांत महासागरात दूर उत्तरेला जाते, ती परत येत नाही. भिंत रंगवून झाल्यावर अंगणात धुतलेल्या ब्रशचे पाणी त्या डबक्यात उतरते.

म्हणून गाडी धुवायची तर हिरवळीवर धुवावी, म्हणजे साबणाचे पाणी मातीत मुरेल. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचे ब्रश घरातल्या बेसिनमध्ये धुवावेत. सिमेंटचे धुवण तर जाळीकडे मुळीच जाऊ देऊ नये, कारण ते अत्यंत क्षारीय असते आणि थोड्या प्रमाणातही मासे मारू शकते. घर बांधत असाल तर कंत्राटदार धुवण कुठे सोडतो हे स्वतः उभे राहून पाहावे.

६. गावाबाहेर थोडी जमीन घेतली आहे. तिथल्या ओढ्यातून किंवा बोअरमधून पाणी घ्यायला परवाना लागतो का?

घरगुती वाजवी गरजेसाठी आणि आपल्या जनावरांच्या पिण्यासाठी पाणी घेण्याची मुभा कायद्यातच आहे, मात्र त्यामुळे पर्यावरणावर प्रतिकूल परिणाम होता कामा नये. याशिवाय प्रत्येक प्रदेशाचा आराखडा दररोज किती लिटरपर्यंत पाणी परवान्याविना घेता येईल ते ठरवतो. भाजीचा मळा किंवा फळबाग व्यापारी तत्त्वावर करायची असेल, तर ती ‘घरगुती गरज’ नव्हे. नवीन बोअर खोदण्यासाठी बहुतेक प्रदेशांत वेगळा परवाना लागतो आणि तो खोदाईच्या आधी घ्यावा लागतो. परवान्याने सेकंदाला ५ लिटर किंवा त्याहून अधिक पाणी उचलणाऱ्यांना २०१० च्या नियमांनुसार मीटर बसवून नोंदी द्याव्या लागतात.

जमिनीच्या किमतीत पाणी गृहीत धरू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. काही पाणलोट क्षेत्रांतील पाण्याचे वाटप आधीच पूर्ण झाले आहे, आणि तिथे नवीन अर्जदाराच्या हाती फारसे काही लागत नाही.

७. बोअरचे पाणी स्वच्छ, गार आणि चवीला गोड आहे. तरी तपासावे लागते का?

होय, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये हॉक्स बे प्रदेशातील हॅवलॉक नॉर्थ या सुमारे १४,००० वस्तीच्या गावात हजारो लोक आजारी पडले आणि चार मृत्यूंशी त्या साथीचा संबंध जोडला गेला. मुसळधार पावसानंतर मेंढ्यांच्या विष्ठेतील कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू सार्वजनिक पुरवठ्याच्या बोअरपर्यंत पोहोचले होते. भूगर्भातील पाणी सुरक्षित असते या समजुतीने त्या पाण्यावर जंतुनाशक प्रक्रिया केली जात नव्हती. ते पाणीही दिसायला स्वच्छच होते.

दुसरा धोका नायट्रेटचा आहे, ज्याला रंग, वास किंवा चव नसते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनची कमाल मर्यादा लिटरला ११.३ मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा ओलांडलेले पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. सिंचन आणि दुग्धव्यवसाय दाट असलेल्या कँटरबरीत काही विहिरींमध्ये ही मर्यादा ओलांडली गेल्याचे आढळले आहे. घरात गरोदर स्त्री किंवा बाळ असेल तर तपासणी लांबवू नये.

८. सेप्टिक टँक आहे. त्याची काय काळजी घ्यायची?

दर तीन ते पाच वर्षांनी टाकी उपसून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरते, म्हणून ते प्रादेशिक परिषदेच्या नियमांखाली येते. जिथे ते मुरते तेथे गाडी उभी करू नये, आणि बोअर त्यापासून पुरेशा अंतरावर आहे ना ते पाहावे. तळणीचे उरलेले तेल, पिठाचे धुवण आणि भाताची पेज मोरीत ओतण्याची सवय टाकीला फार जड जाते. तेल थंड करून, कागदात टिपून कचऱ्यात टाकावे.

९. थंडीत लाकूड जाळायची शेगडी वापरतो. शिवाय होळीला अंगणात लाकडे पेटवता येतील का?

दोन हेक्टरपेक्षा लहान जागेत २००५ नंतर बसवलेल्या लाकडी शेगडीला राष्ट्रीय मानक लागू होते. जळालेल्या प्रत्येक किलो लाकडामागे कणांचे उत्सर्जन १.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि उष्णतेची कार्यक्षमता किमान ६५ टक्के असावी. काही प्रदेशांचे नियम याहून कडक आहेत. हवेतील सूक्ष्म कणांची २४ तासांची सरासरी घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमच्या आत राहावी असे मानक आहे, आणि निवांत, गोठणाऱ्या रात्री धूर खालीच साचून राहतो तेव्हा टोकोरोआ किंवा टिमारूसारख्या गावांत ते सांभाळणे कठीण जाते. लाकूड वर्षभर वाळवलेले असावे. बांधकामातून उरलेले हिरवट रंगाचे प्रक्रिया केलेले लाकूड कधीही जाळू नये, कारण त्यात सहसा तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असते. प्लास्टिक जाळण्यासही मनाई आहे.

होळीचा प्रश्न थोडा अवघड आहे. फाल्गुन पौर्णिमा इथे उन्हाळ्याच्या शेवटी येते, गवत वाळलेले असते आणि अनेक भागांत उघड्या आगीवर निर्बंध असतात. आगीचा परवाना अग्निशमन यंत्रणा देते, धुराचे नियम प्रादेशिक आराखड्यात असतात आणि शहरी वस्तीतील मनाई सिटी कौन्सिलच्या उपविधीत असू शकते. तीनही ठिकाणी होकार मिळाला तरच होळी पेटवावी, आणि सार्वजनिक होळी करणाऱ्या मंडळांनी ही विचारणा महिनाभर आधी सुरू करावी.

१०. गणपतीचे विसर्जन नदीत किंवा समुद्रात करता येते का? आणि अस्थिविसर्जन?

प्रश्न ४ मध्ये सांगितलेला पाण्याचा नियम येथेही लागू होतो : नियमाची अनुमती किंवा परवाना नसताना पाण्यात काही सोडता येत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती, रासायनिक रंग, थर्माकोल किंवा कापड पाण्यात सोडण्याचा विचारही करू नये. नैसर्गिक रंगाची मातीची मूर्ती असली तरी सार्वजनिक विसर्जनापूर्वी परिषदेकडे लेखी विचारणा करावी. घरच्या गणपतीसाठी बादली किंवा पिंप हा सर्वांत निर्वेध मार्ग आहे. शाडूची मूर्ती रात्रभरात विरघळते, ती माती आपल्याच फुलझाडांना घालता येते आणि निर्माल्याचे खत होते. महाराष्ट्रात हजारो कुटुंबांनी हा मार्ग श्रद्धेने स्वीकारला आहे, त्यामुळे तो केवळ परदेशातली तडजोड आहे असे मानण्याचे कारण नाही. मूर्ती भारतातून आणत असाल तर माती, दर्भ, बिया, सुपारी यांसह प्रत्येक वस्तू विमानतळावर जाहीर करावी.

अस्थींबाबत कायद्याइतकाच लोकभावनेचा विचार करावा लागतो. माओरी परंपरेत मृतदेहाशी संबंधित गोष्टी ‘तापू’, म्हणजे पवित्र आणि म्हणून वेगळ्या ठेवायच्या मानल्या जातात. जेथून अन्न मिळवले जाते त्या पाण्यात रक्षा मिसळणे त्यांना अत्यंत क्लेशकारक वाटते. आपल्यासाठी जे नदीला अर्पण आहे, तेच त्यांच्यासाठी नदीचा उपमर्द ठरू शकते. म्हणून त्या भागातील माओरी समाजाशी, म्हणजेच इवीशी, परिषदेच्या मध्यस्थीने बोलून जागा ठरवावी. आदराने विचारलेल्या प्रश्नाला बहुधा आदरानेच उत्तर मिळते. दुःखाच्या दिवसांत ही धावपळ करणे कठीण असते, त्यामुळे मराठी मंडळांनी ही माहिती आधीच मिळवून ठेवली तर कुटुंबांना फार मोठा आधार होईल.

११. माझ्या अंगणातले झाड मी ठेवीन नाही तर काढीन. परिषदेने त्यात का पडावे?

कारण ते झाड कुंपणाला जुमानत नाही. जैवसुरक्षा कायद्याखाली प्रत्येक परिषद उपद्रवी जीवांच्या व्यवस्थापनाचा आराखडा करते. त्यात काही वनस्पती नष्ट करणे जमीनधारकाला बंधनकारक असते. नोटीस देऊनही काम झाले नाही, तर परिषद ते करून घेऊन खर्च वसूल करू शकते.

मराठी माणसाला ही यादी वाचताना वाईट वाटेल, कारण तीत ओळखीचे चेहरे आहेत. आपल्या सोनटक्क्याचा हिमालयातला पिवळा भाऊबंद, लाल पुंकेसरांचा, मंद सुवासाचा, इथे ‘वाइल्ड जिंजर’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. त्याचे गड्डे जमिनीवर इतका घट्ट थर धरतात की खाली जंगली झाडांची रोपे उगवूच शकत नाहीत. आपली घाणेरीही अनेक प्रदेशांच्या यादीत आहे, आणि साळुंकी तर एकोणिसाव्या शतकातच मुद्दाम इथे आणली गेली. सोनटक्क्याच्या या जातीचे गड्डे खताच्या ढिगात टाकू नयेत, तिथेही ते फुटतात. परिषदेच्या सल्ल्याप्रमाणे त्यांची विल्हेवाट लावावी. मैत्रिणीकडून आणलेले रोप लावण्यापूर्वीही यादी पाहावी, कारण अशा वनस्पती विकणेच नव्हे तर त्यांची रोपे वाढवून वाटणेही गुन्हा ठरू शकतो.

१२. नदीकाठी ‘तपासा, धुवा, वाळवा’ अशा पाट्या असतात. एका दिवसाच्या सहलीलाही हे लागू आहे का?

लागू आहे. डिडिमो हे शेवाळ २००४ मध्ये साउथलँडमधील लोअर वायाऊ नदीत प्रथम आढळले आणि पाण्याच्या एका थेंबातूनही ते दुसऱ्या नदीत जाऊ शकते. २०२३ मध्ये वायकाटो नदीत सोनेरी शिंपला सापडला. त्याचा एकटा जीवही प्रजनन करू शकतो आणि दाटी झाली की तो पाणीपुरवठ्याचे नळ बुजवतो. म्हणून बूट, गळ, कयाक, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि कुत्र्याचे ओले केस हे सगळे दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी तपासून, धुऊन, वाळवावे.

पोहण्याबाबतही येथेच सांगतो. जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस नदीत उतरू नये. गोड्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलायचे ५४० हून अधिक जंतू आढळल्यास ते पाणी पोहण्यास अयोग्य मानतात. उन्हाळ्यात अनेक ठिकाणांचे निकाल ‘लावा’ (LAWA) या संकेतस्थळावर दिले जातात. खडकांवर काळपट-तपकिरी, मखमलीसारखा थर दिसला तर लहान मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवावे. तो विषारी असू शकतो आणि त्यामुळे कुत्री दगावली आहेत.

१३. घराजवळ पूरबांध आहे. म्हणजे आम्ही सुरक्षित आहोत ना?

बांधामुळे धोका कमी होतो, संपत नाही. प्रत्येक बांध ठरावीक पातळीच्या पुरासाठी बांधलेला असतो. एप्रिल २०१७ मध्ये रांगिटाइकी नदीची पूरभिंत फुटून एजकम गाव पाण्याखाली गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात हॉक्स बेमधील बांध अनेक ठिकाणी फुटले. त्या वादळात देशात ११ जणांचा बळी गेला.

वायकाटोत आणखी एक अडचण आहे. हौराकीच्या सखल मैदानाचा काही भाग पीट मातीचा आहे, म्हणजे हजारो वर्षे पाण्यात साठलेल्या वनस्पतींच्या अवशेषांचा. चर खणून पाणी काढले की ही माती हवेत कुजते आणि आक्रसते. वायकाटोतील पीट जमीन वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर खचते. जमीन खाली जाते, समुद्र वर येतो आणि मधला भार बांधांवर व पंपांवर पडतो.

घर घेण्याआधी परिषदेचा पूर-नकाशा आणि सिटी कौन्सिलकडील मालमत्तेची माहिती-नोंद, म्हणजे ‘लिम’, दोन्ही पाहावे. बांधावर झाड लावणे, खणणे, कुंपणाचे खांब रोवणे परवानगीशिवाय करू नये; मुळाने किंवा खांबाने केलेली लहानशी वाट पुरात मोठी होते.

१४. मी गोठ्यावर नोकरी करतो. मालकाच्या सांगण्यावरून शेणाचे पाणी चुकीच्या जागी सोडले गेले, तर जबाबदार कोण? आणि प्रदूषण दिसले तर कळवायचे कसे?

ज्याने ते सोडले तो आणि ज्याच्या वतीने सोडले गेले तो, दोघेही जबाबदार धरले जाऊ शकतात. नोकरदाराने म्हणूनच अशा सूचना लेखी मागाव्यात आणि पंप बिघडला, तळे भरून वाहू लागले तर ताबडतोब मालकाला कळवून वेळेची नोंद ठेवावी. २०२५ च्या दुरुस्तीनंतर कमाल दंड व्यक्तीसाठी १० लाख डॉलर आणि कंपनीसाठी १ कोटी डॉलर इतका वाढला असून त्या दंडाचा विमाही उतरवता येत नाही. गोठ्याशी संबंधित आणखी दोन नियम माहीत असावेत. चराऊ कुरणावर कृत्रिम नायट्रोजन खत हेक्टरी वर्षाला १९० किलोपेक्षा अधिक घालण्यास परवाना लागतो, आणि एक मीटरहून रुंद नद्यांपासून गायींना सर्वसाधारणपणे तीन मीटर दूर ठेवावे लागते. टाउपो तलावाच्या पाणलोटात तर प्रत्येक शेताच्या नायट्रोजनला वेगळी मर्यादाच आहे.

प्रदूषण दिसले तर लगेच फोन करावा. परिषदांकडे त्यासाठी चोवीस तास चालणारी व्यवस्था असते. जागा, वेळ, पाण्याचा रंग, वास आणि मेलेले मासे असल्यास त्यांची छायाचित्रे एवढे पुरेसे आहे. दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये आणि पाण्यात हात घालू नये. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. ‘कोणीतरी कळवले असेल’ असे समजून गप्प बसू नये, कारण घाण पाणी तासाभरात पुढे वाहून जाते आणि अधिकारी येतो तेव्हा ओढा पुन्हा नितळ दिसतो. आपण पाठवलेले एक छायाचित्र हाच कदाचित एकमेव पुरावा असेल. परिषद हे काम थांबवण्याचा आदेश देऊ शकते, दंड करू शकते किंवा खटला भरू शकते. अंमलबजावणीच्या आदेशासाठी पर्यावरण न्यायालयाकडे सामान्य नागरिकही जाऊ शकतो.

१५. मी अजून नागरिक नाही. परिषदेच्या निर्णयांत मला बोलता येते का? आणि या परिषदा बंद होणार असे ऐकतो, ते खरे आहे का?

मतदानासाठी नागरिकत्व आवश्यक नाही. १८ वर्षे पूर्ण झालेली, निवासी व्हिसा असलेली आणि कधीतरी सलग एक वर्ष देशात राहिलेली व्यक्ती नोंदणी करून मत देऊ शकते. निवडणूक दर तीन वर्षांनी होते. वार्षिक आराखडा आणि दहा वर्षांचा दीर्घकालीन आराखडा यांवर लेखी म्हणणे तर कोणीही मांडू शकतो, अगदी कामाच्या व्हिसावर असलेलाही. सुनावणीच्या वेळी समोर जाऊन काही मिनिटे बोलताही येते. मराठी माणसे अशा ठिकाणी फार कमी दिसतात, याची मला मनापासून खंत वाटते.

येथे माओरी समाजाचे स्थान इतर अर्जदारांसारखे नाही, हेही समजून घ्यावे. २०१० च्या कायद्याने वायकाटो नदीसाठी सरकार आणि इवी यांचे संयुक्त प्राधिकरण आले. २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने व्हांगानुईचा दाखला देत गंगा आणि यमुना यांना असाच दर्जा दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

परिषदांच्या भवितव्याबाबत सांगायचे, तर २०२५ च्या अखेरीस सरकारने निवडून आलेल्या प्रादेशिक सदस्यांच्या जागी त्या त्या भागातील महापौरांची मंडळे आणण्याचा प्रस्ताव जाहीर केला आणि आरएमएच्या जागी दोन नवी विधेयके संसदेत मांडली. प्रस्ताव आणि कायदा यांत फरक असतो. नवा कायदा अमलात येईपर्यंत सध्याचे आराखडे व परवाने लागू राहतात, आणि ‘आता परिषदच राहणार नाही’ असे सांगून कोणी कंत्राटदार परवान्याविना ओढा वळवायला सुचवत असेल, तर त्याचे ऐकू नये. परवान्याची मुदत त्याच कागदावर लिहिलेली असते. ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू राहतो.